ओढाताण

आमच्या सोसायटीच्या जिममध्ये दुपारी कुणी नसतं. ट्रेडमिलवाले सकाळी येतात, डंबेलवाले रात्री, आणि तीन-चारच्या सुमाराला नुसता पंखा गरगरत असतो. अशाच एका दुपारी कोपऱ्यातल्या रोइंग मशीनकडे लक्ष गेलं. त्याच्या रुळावर कुणीतरी नॅपकिन वाळत घातला होता. बसून करायचा व्यायाम एवढंच मला त्याच्याबद्दल ठाऊक होतं, आणि मला तेवढं पुरेसं होतं.

ट्रेनर मुलगा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "काका, अप्पर बॉडी बनवायचीय ना? मग दहावर टाका."

हे मशीन म्हणजे कोरड्यावर होडी वल्हवणं: बसून दांडी ओढायची, की समोरचं पंख्याचं चाक फिरतं. दहावर म्हणजे त्या चाकाच्या बाजूला एक ते दहा आकड्यांची एक खटकी असते, ती. आकडा वाढवला की पंख्याच्या चाकात जास्त हवा शिरते आणि होडी जड झाल्यासारखी वाटते. मुरलेले लोक ती साधारण तीन ते पाचच्या आसपास ठेवतात म्हणे. पण पंख्याचा रेग्युलेटर असो नाहीतर मिक्सर, आपल्याकडे शेवटचा आकडा सोडून बाकीचे सगळे शोभेला असतात. मी टाकली दहावर.

थोडा वेळ ओढलं आणि तळव्यांना काहीतरी जुनं आठवलं.

आजोळी परसात आड होता. दगडी काठ, लाकडी चौकटीला टांगलेली कप्पी, काथ्याचा दोर आणि पोचे आलेला पोहरा. कप्पीला तेल घालायचं हे काम घरात नक्की कुणाचं, यावर कधी एकमत झालं नाही, त्यामुळे पाणी शेंदायला कोण उभं राहिलंय हे तिच्या कुरकुरीवरून अख्ख्या आळीला कळायचं. आजीची कुरकुर लांब आणि सारखी. आमची तुटक तुटक, आणि शेवटी धप्प. दोर हातातून सटकायचा, तळवे सोलवटायचे, कधी पोहराच तळाला जायचा. मग गळ शोधा, तो शेजाऱ्यांनी नेलेला असायचा, आणि शेजारी जेवायला बसलेले. या सगळ्यात सकाळ संपायची. आजी मात्र पदर खोचून, एक पाय काठाच्या दगडाला लावून अशी ओढायची, की बघणाऱ्याला वाटावं पोहरा आपणहून वर येतोय. म्हणायची, "मुडद्या, हातांनी काय ओढतोस? अंगानं ओढ."

रोइंग मशीनचं सगळं शास्त्र एवढंच आहे. आधी पाय रेटायचे, मग पाठ मागे न्यायची, सगळ्यात शेवटी हात पोटाशी. परत जाताना उलटं: हात, पाठ, पाय. जोर लागतो तो मुख्यतः पायांचा, हातांच्या वाट्याला शेवटचा थोडासा भाग येतो. म्हणजे दंडासाठी म्हणून बसावं आणि आधी मांड्या भरून याव्यात. अर्थात वरच्या अंगाला काहीच मिळत नाही असं नाही. पाठीचे दोन्ही पंख, खांद्यांची मागची बाजू, दंडाची बेटकुळी, मनगट, सगळ्यांना काम असतं. फक्त पायांनी दिलं तरच ते वर पोचतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

आणि ते चाक मोठं खट असतं. जितकं जोरात ओढावं तितकं ते जास्त अडवतं. वेग दुप्पट करायचा तर शक्ती आठपट लावावी लागते. हल्ली सगळीकडे दिसणारं हे हवेच्या चाकाचं मशीन अमेरिकेतल्या व्हर्माँटच्या दोन भावांनी १९८१ साली बाजारात आणलं. मूळचे ते वल्ही बनवणारे. पहिल्या मॉडेलला चक्क सायकलचं चाक होतं, आणि दांडीला अजूनही साखळीच असते, सायकलसारखी. म्हणूनच बहुधा मला ते परकं वाटलं नाही.

आडावरून आठवला नौकानयनपटू दत्तू भोकनळ. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, पाण्याची कायम मारामार. हा मुलगा वडिलांबरोबर विहिरी खोदायचा. २०१२ साली सैन्यात गेला, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलात. तिथे त्याला वल्हवायला बसवलं, आणि त्याला तर पाण्याची भीती! २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला एकेरीत तो १३वा आला, २००० मीटर सात मिनिटांच्या आत. दोन वर्षांनी आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत सुवर्ण. आमच्या मशीनच्या पडद्यावरही २००० मीटरची शर्यत लावता येते. मी ती लावली. वेळ सांगत नाही.

घरी येताना डोक्यात एकच घोळत होतं, की आपल्या आयुष्यातून ओढणं जवळजवळ संपलं. शेंदणं गेलं. ताक घुसळायची रवी गेली. तिची दोरी आळीपाळीनं डावी-उजवी ओढताना आईचे दोन्ही खांदे कसे लयीत हलायचे. मोट तर मी पाहिलेलीच नाही. उरलं काय, चाकांची बॅग, आणि तीही मुलं आता ढकलतच नेतात. बँकेच्या दारावर 'ओढा' लिहिलेलं असतं तिथे मी हमखास ढकलतो, आणि आतला वॉचमन इतक्या दयाळूपणे हात हलवतो की पैसे काढायची इच्छाच राहत नाही.

ट्रेनरला मात्र हे सगळं सांगण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याला खटकी चारवर ठेवलेली दिसली, तर म्हणाला, "काका, थकलात?" मग त्यानं गंभीरपणे समजावलं की हे मशीन नुसतं ओढण्याचं आहे. छाती आणि दंडाची मागची बाजू ढकलण्यानं बनते, तेव्हा जोडीला जोर मारायलाच हवेत. मुलगा बरोबर बोलत होता. आमच्या गावच्या तालमीत हे त्याच्या जन्माआधीपासून चालू होतं, ते सोडा.

तर जोर सुरू करायचं मी सोमवारवर ढकललंय. सध्या तेवढंच ढकलणं.