टोलेडोचं धुराडं आणि लाकडी अंगाची वॅगनियर

नोव्हायमधून भाच्याच्या गाडीने निघालं की तासाभरात मिशिगन संपतं आणि ओहायोतलं टोलेडो येतं. "मामा, टोलेडोला कोण जातं फिरायला?" असं तो वाटभर म्हणत होता. माझ्यासारखे जातात. महिंद्रांनी 1947 पासून मुंबईत ज्या विलीज जीप जोडायला घेतल्या, त्या विलीजचं हे गाव.

आय-75 महामार्गालगत विटांचं एकच धुराडं उरलंय. त्यावर वरून खाली 'ओव्हरलँड' अशी अक्षरं आहेत, कंपनीचं पूर्ण नाव विलीज-ओव्हरलँड. कारखाना केव्हाच पाडला. दुसऱ्या महायुद्धात विलीजने साडेतीन लाखांच्या आसपास जीप बनवल्या, त्या इथल्या. आता बघायला फारसं काही नाही, फोटो काढून निघालो.

मला खरी बघायची होती ती वॅगनियर, जीपची जुनी ऐसपैस, आलिशान गाडी. ऑगस्टात टोलेडोत जीप फेस्ट भरतो, तेव्हा अख्ख्या डाउनटाउनात जीपच जीप. रांगेने रँग्लर उभ्या, बहुतेकांना अवाढव्य टायर. त्यात एक लांबलचक, चौकोनी, तपकिरी गाडी निवांत उभी होती. दोन्ही अंगांना लाकूड! ग्रँड वॅगनियर, म्हणजे वॅगनियरचंच पुढचं रूप. जवळ जाऊन कडेला नख लावलं तर कळलं, लाकूड कसलं, व्हिनाइलचा चिकटवलेला पट्टा. मालक सत्तरीचे, आमची उत्सुकता बघून खूश झाले. त्यांनी मागच्या फाळक्यात किल्ली फिरवली, तशी मागची अख्खी काच घरघरत फाळक्याच्या पोटात गेली. ती खाली गेल्याशिवाय फाळका उघडतच नाही. आत मऊ चामड्याच्या खुर्च्या, त्यांवर बसल्यावर उठवत नाही.

मूळ वॅगनियर 1962 च्या अखेरीस आली, 1963 चं मॉडेल म्हणून. तोवर फोर-व्हील ड्राइव्ह म्हणजे शेतकऱ्याचं नाहीतर फौजेचं वाहन. वॅगनियरने त्याला ऑटोमॅटिक गिअरची जोड दिली. 1966 ची सुपर वॅगनियर तर सरळ श्रीमंतांसाठीच होती. आजच्या महागड्या एसयूव्हींचं मूळ शोधायचं तर माझ्या मते इथेच.

तिचा आराखडा मिलवॉकीच्या ब्रुक्स स्टीव्हन्सचा. गंमत बघा, गरज पडायच्या जरा आधीच गिऱ्हाइकाला नवी, थोडी बरी वस्तू घ्यावीशी वाटली पाहिजे, हा विचार 1950 च्या दशकात अमेरिकाभर गाजवणारा माणूस हाच. आणि त्याची गाडी किती चालली? 1991 पर्यंत! जाळी बदलली, दिवे बदलले, पण दारं आणि छप्पर जवळपास तेच. विलीजची कैसर जीप झाली, 1970 मध्ये एएमसीने (अमेरिकन मोटर्सने) ती घेतली, 1987 मध्ये क्रायस्लरने एएमसीच गिळली. मालक बदलले, पत्रा तोच. मला वाटतं, यात कौतुकाइतकाच पैशांचा तुटवडाही आहे. नवे साचे करायला एएमसीकडे पैसा नव्हता आणि जुन्या साच्यातून निघालेली गाडी श्रीमंत गिऱ्हाईक वाटेल त्या किमतीला नेत होतं. मग बदलायचं कशाला?

सगळं गोड नाही हं. 5.9 लिटरचं व्ही-8 इंजिन, ताकद शेवटी जेमतेम 144 अश्वशक्ती, आणि दोन टनांचं धूड. इतर गाड्या फ्युएल इंजेक्शनवर गेल्या तरी हिला शेवटपर्यंत कार्ब्युरेटर. मायलेज विचारलं तर आजोबा नुसते हसले. लिटरला पाचच्या आसपास धरा! भाच्याने लगेच पुण्याच्या पेट्रोलचा हिशोब मांडला आणि मलाच ऐकवला.

2022 मॉडेलपासून ग्रँड वॅगनियर हे नाव परत आलंय, पण ती गाडी डेट्रॉईटजवळच्या वॉरनला बनते. टोलेडोकडे रँग्लर राहिली. इकडे रांजणगावला जीप कंपास बनते, हे आजोबांना सांगितलं तर त्यांनी रांजणगावचं स्पेलिंग लिहून घेतलं.

जाणार असाल तर फेस्टच्या दिवशी सकाळी लवकर पोहोचा, नंतर पार्किंगला जागा मिळत नाही. जेवायला टोनी पॅकोज. तिथलं हंगेरियन हॉट डॉग तिखट नाही, पण लोणच्याच्या मिरच्या मागून घ्या.