आमची वाटचाल : विमा बिलांचा व्हेंडर बदलला तेव्हा

सोलापुरात रेल्वे लाइन्स भागातल्या एका नर्सिंग होमच्या कॅशलेस डेस्कवर मी काही वर्षं काम केलं आणि मग तेच काम इतर छोट्या रुग्णालयांसाठी करायला स्वतःची फर्म काढली. प्री-ऑथ म्हणजे उपचाराच्या मंजुरीची आगाऊ विनंती पाठवायची, विमा कंपनीची क्वेरी आली की कागद जोडायचे, डिस्चार्जला फायनल अप्रूव्हल मिळवायचं आणि विमा कंपनीचे पैसे येईपर्यंत फाइलच्या मागे लागायचं. दहा-वीस खाटांच्या रुग्णालयाला यासाठी वेगळा माणूस परवडत नाही, म्हणून आमचं चालतं.

बिलं अपलोड करणं आणि आलेले पैसे कोणत्या बिलाचे ते जुळवणं, ही दोन कामं आम्ही बाहेरच्या एका व्हेंडरकडे दिली होती. विमा नियामक आयआरडीएआयचं 29 मे 2024 चं परिपत्रक आलं आणि या व्यवस्थेतली अडचण उघडी पडली. डिस्चार्जची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत विमा कंपनीने फायनल अप्रूव्हल द्यायचं, असा परिपत्रकात नियम आहे. पण हे तास विनंती पोहोचल्यावर मोजले जातात, आणि आमचा व्हेंडर दिवसभराची बिलं गठ्ठ्याने दुपारनंतर चढवायचा. कर्नाटकातल्या इंडी, अफझलपूरकडून आलेल्या नातेवाईकांना गाडी गाठायची असते. ‘मॅडम, तीन तासाचा नियम हाय की’ असं त्यांनी काउंटरवर ऐकवलं की आमच्या मुलींकडे उत्तर नसायचं.

नवा व्हेंडर शोधायला फारसा त्रास झाला नाही. डेमो सगळ्यांचेच छान असतात. घोडं अडलं ते ई-मेलपाशी.

टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारा मध्यस्थ. तो फाइल तपासतो, पैसे मात्र विमा कंपनी थेट रुग्णालयाच्या खात्यात एनईएफटीने पाठवते. बँकेच्या स्टेटमेंटवर दिसतं काय, तर कंपनीचं नाव, यूटीआर म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर आणि एक रक्कम. ती बिलाशी कधीच जुळत नाही. समजा बिल 62,000 रुपयांचं आहे. हातमोज्यांसारख्या नॉन-पेएबल, म्हणजे विम्यातून न मिळणाऱ्या वस्तूंचे 2,000 रुग्णाने भरले. 60,000 मंजूर झाले, त्यावर 10 टक्के टीडीएस म्हणजे 6,000 कापले गेले आणि खात्यात आले 54,000. त्यातही कधी एकाच यूटीआरमध्ये चार-पाच रुग्णांचे पैसे एकत्र येतात. त्याची फोड सेटलमेंट लेटरमध्ये असते, आणि ते लेटर जातं रुग्णालयाच्या नोंदणीकृत ई-मेलवर. आमच्या बहुतेक रुग्णालयांचा नोंदणीकृत ई-मेल जुन्या व्हेंडरने स्वतःच्या डोमेनवर काढलेला होता. म्हणजे त्याला सोडलं की पैसे डॉक्टरांच्या खात्यात येणार, पण ते कोणाच्या उपचाराचे हे त्या व्हेंडरलाच कळणार!

हा पत्ता बदलायला प्रत्येक विमा कंपनीला आणि प्रत्येक टीपीएला वेगळा अर्ज करावा लागला. रुग्णालयाचं लेटरहेड, रोहिणी नंबर (विम्यासाठीचा रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक), कॅन्सल चेक, डॉक्टरांची सही आणि शिक्का. कोणी स्कॅन कॉपीवर समाधान मानलं, कोणी मूळ कागद कुरिअरने मागवला. डॉक्टरांची सही मिळवणं हे तर वेगळंच काम. ‘ठेवा तिथं, करतो की,’ म्हणत ते ऑपरेशन थिएटरमध्ये जातात आणि अर्ज सोनोग्राफीच्या रिपोर्टांखाली गडप होतो. नवा ई-मेल आम्ही प्रत्येक रुग्णालयाच्या स्वतःच्या नावावर काढला, मुद्दामच आमच्या फर्मच्या नावावर ठेवला नाही. उद्या डॉक्टरांनी आम्हालाच बदलायचं ठरवलं तर त्यांचं अडू नये.

बदलाची तारीख 1 एप्रिल धरली, कारण तेव्हा बिलांचे क्रमांक नव्याने सुरू होतात. मार्चअखेरीस दाखल होऊन एप्रिलमध्ये घरी गेलेले रुग्ण? दाखल झाल्याची तारीख धरायची, त्यामुळे ते जुन्याकडेच राहिले. थकीत बिलांची यादी जुन्या व्हेंडरकडे एक्सेलमध्ये मागितली तर पीडीएफ हातात पडली. ती पुन्हा टाइप करण्यात आमच्या लोकांचे रविवार गेले.

नव्याकडेही एक अस्सल सोलापुरी घोळ झाला. आपल्याकडच्या तेलुगू घरांत आडनाव आधी लिहायची पद्धत, सीमेपलीकडच्या रुग्णांच्या नावात नुसती आद्याक्षरं. सॉफ्टवेअरला नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन रकाने हवेत, त्यामुळे पॉलिसीशी नाव जुळेना आणि फाइल परत. शेवटी ‘पॉलिसीवर आहे तसं’ असा एकच रकाना करून घेतला.

करारात आम्ही दोन गोष्टी घालून घेतल्या. व्हेंडरचे पैसे बिल चढवल्यावर द्यायचे नाहीत, यूटीआर जुळवून दाखवल्यावर द्यायचे. आणि दर महिन्याला सगळा डेटा एक्सेलमध्ये आमच्याकडे यायला हवा. दुसऱ्या अटीला त्यांनी लगेच होकार दिला, पहिलीवर बरीच घासाघीस झाली. जुन्याकडच्या काही फाइल्स अजून सुटायच्या आहेत. बहुतेक ठिकाणी इम्प्लांटचं स्टिकर किंवा त्याचं बिल मागितलंय, आणि ते आम्हालाच रुग्णालयाच्या कपाटातून शोधून काढायचंय.