पैलवान, चिंगी आणि कांदा-लसूण चटणी

आई सहा महिन्यांच्या व्हिजावर लीड्सला आली तेव्हा तिच्या बॅगेत अडीच किलो कांदा-लसूण चटणी होती, आणि तिच्यावरून घरात कुत्र्या-मांजरापर्यंत राडा होणार हे मी तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं. (मी बाईमाणूसच आहे, पण आमच्या कोल्हापुरात बायका पण आलो-गेलोच म्हणतात, पुढं वाचताना गोंधळू नका.)

तर आमच्याकडं एक लॅब्राडोर आहे, पैलवान, आणि एक मांजर, चिंगी. पैलवान आपलं भांडं अर्ध्या मिनटात चाटूनपुसून मोकळा होतो आणि मग चिंगीच्या वाटीकडं वळतो. चिंगीचं उलटं, चार दाणे खाणार, खिडकीत जाऊन बसणार, तासाभरानं परत चार दाणे. त्याला नुसता खादाड म्हणून पण चालत नाही, केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलंय की साधारण पाव लॅब्राडोरांत एक जीन असा बिघडलेला असतोय की त्यांची भूक लवकर शमतच नाही. आमच्याची टेस्ट केलेली नाही, पण गरजच वाटत नाही.

आईचं एकच पालुपद. "मंगळवार पेठेत आपलं कुत्रं-मांजर एकाच ताटलीत दूध-भाकरी खायची की, काय झालं त्यांना?" आता ते खरंच आहे, पण ती मांजर रात्री माळ्यावर उंदीर पण मारायची हे आई सोयीनं विसरते. टॉरिन म्हणून एक घटक असतो, कुत्र्याचं शरीर तो बहुतेक वेळा स्वतः बनवतंय, मांजराला मात्र तो पुरेसा बनवता येत नाही, मांसातूनच मिळवावा लागतो. तो कमी पडला की मांजराचं हृदय कमजोर होतंय हे १९८७ मध्ये सिद्ध झालं, डोळे पण जातात. म्हणून कुत्र्याचं खाणं मांजराला रोज चालत नाही. आणि मांजराच्या खाण्यात प्रोटीन, चरबी जास्त, ते पैलवानानं रोज हाणलं तर तो फुगणार.

हे सगळं आईला समजावून झालं आणि रविवारी त्याच चटणीचा तांबडा रस्सा झाला. मी वरनं खाली येतोय तर आई पैलवानाच्या भांड्यात भाकरी कुस्करायलीय, वर रश्शाची पळी धरलेली, तर्री भाकरीवर टपकायच्या बेतात. मी अक्षरशः झेप घेतली. कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतंय, शिजवलेला असला तरी, आणि मांजराला तर थोडक्यात पण बाधतंय. आई दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. "चटणी विषारी म्हणतीस व्हय?"

शेवटी चिपवर उघडणारं भांडं आणलं. इंग्लंडात कुत्र्याला २०१६ पासून आणि मांजराला १० जून २०२४ पासून मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची बारकी चिप) सक्तीची आहे, त्यामुळं चिप होतीच. चिंगी जवळ आली की झाकण उघडतंय, दुसऱ्या कुणाला नाही. आई म्हणाली, हे तर रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन! पण झाकणाच्या आवाजाला चिंगी घाबरली आणि दिवसभर उपाशी. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरवर येतंय, म्हणून पहिला आठवडा झाकण उघडंच ठेवलं, मी घरी असेन तेव्हाच, आणि मग रोज थोडं थोडं हलायला लावलं.

तोवर पैलवान पण शिकला. चिंगी खायला लागली की मागनं येऊन तिच्या डोक्यावरनं तोंड आत. एवढं महागाचं मशीन आणि नाद खुळा!

तोड काढली आईनं. भलं मोठं पुठ्ठ्याचं खोकं घेतलं, बाजूला चिंगीपुरतं भोक कापलं, भांडं आत, आणि खोकं हलू नये म्हणून वर दहा किलो गव्हाच्या पिठाची पिशवी. पैलवानाचं डोकं भोकात अडकलं एकदा, मग नाद सोडला.

आई परत जाऊन दोन महिने झाले. चपात्या करून करून पिशवी निम्म्यावर आलीय, आणि परवापासून सकाळी खोकं जाग्यावर नसतंय.