मुद्दाम पाडलेले पोचे

नवी गिटार खोक्यातून बाहेर काढली तेव्हा घरातली पहिली प्रतिक्रिया होती, "अरे, ही तर वापरलेली दिलीय तुला." मी अगदी शांतपणे, थोडं शिष्टपणानेच म्हटलं, नाही नाही, नवीनच आहे, अशीच असते ती, मुद्दाम जास्त पैसे देऊन घेतलीय. "जास्त?" हा एवढा एकच शब्द ज्या सुरात आला ना, तो सूर मला अजून ऐकू येतो.

तर रेलिक गिटार. म्हणजे कारखान्यातच म्हातारी करून विकलेली इलेक्ट्रिक गिटार. रंग उडवलेला, कोपऱ्यांवर टवके काढलेले, मागच्या बाजूला पट्ट्याच्या बकलने पडतात तसे ओरखडे, पिकअपची (तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकी तुकड्यांची) निकेलची झाकणं काळवंडवलेली, आणि सगळीकडे लॅकरला, म्हणजे वरच्या चकचकीत लेपाला, बारीक तड्यांची जाळी. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांना फाटकी जीन्स म्हटलं की लगेच कळतं, पण ती उपमा मला अर्धीच पटते, कारण जीन्सचं भोक नुसतं भोक असतं, त्याच्यामागे कुणी माणूस उभा करावा लागत नाही, आणि रेलिक गिटारच्या प्रत्येक खुणेमागे एक माणूस गृहीत धरलेला असतो जो तीस-चाळीस वर्षं ही वाजवत होता, घाम गाळत होता, स्टेजवर आपटत होता. तो माणूस कधी नव्हताच. त्याचा फक्त घाम विकत मिळतो.

ह्याची सुरुवात फेंडर ह्या अमेरिकन गिटार कंपनीच्या कस्टम शॉपमध्ये, म्हणजे खास गिटारी घडवणाऱ्या विभागात, झाली. रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सला त्याच्या जुन्या गिटारींच्या हुबेहूब प्रती करून दिल्या तर तो म्हणाला ह्या फारच नव्या दिसतात, जरा बडवा त्यांना, अशी एक गोष्ट ह्या धंद्यात सांगतात. गोष्टच आहे, पण शोभते त्याला. 1995 च्या नॅम शो ह्या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात रेलिक पहिल्यांदा मांडल्या आणि सुरुवातीची काही वर्षं त्यांना म्हातारं करायचं काम मिझुरीतला व्हिन्स क्युनेटो नावाचा माणूस करायचा, कंपनीकडून बॉड्या आणि नेक (गिटारच्या लांब माना) त्याच्याकडे जायच्या आणि जर्जर होऊन परत यायच्या. पुढे त्यात प्रतवारी आली. क्लोझेट क्लासिक म्हणजे कपाटात पडून राहिल्यासारखी, जर्नीमन म्हणजे जपून वापरलेली, मग रेलिक, मग हेवी रेलिक. गिब्सन ह्या दुसऱ्या मोठ्या कंपनीकडे टॉम मर्फी हेच काम वर्षानुवर्षं करत होता आणि आता तिथे त्याच्या नावाची लॅबच आहे. थोडक्यात, आयुष्य किती खडतर गेलेलं हवं ते ऑर्डर देताना निवडायचं.

आणि काही वेळा तर खुणा खऱ्याच माणसाच्या असतात. आयरिश गिटारवादक रोरी गॅलाघरची 1961 ची स्ट्रॅटोकास्टर (फेंडरचीच एक गिटार), जी त्याने 1963 साली आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये घेतली, तिचा सनबर्स्ट (कडेला गडद, मधे फिकट) रंग त्याच्या घामाने आणि वाजवण्याने असा गेला की शेवटी रंग शोधावा लागायचा. 1997 मध्ये फेंडरने तिची नक्कल काढली, म्हणजे रंग जिथे जिथे शिल्लक होता तिथेच ठेवून बाकीचा उडवला. त्या माणसाच्या आख्ख्या आयुष्याचा नकाशा दुसऱ्या लाकडावर काढला. मी हे हसत लिहितोय खरं, पण हातात मिळाली तर सोडणार नाही.

असो, तर खोकं उघडलं त्या संध्याकाळी कौतुक ओसरल्यावर माझ्या डोक्यात किडा शिरला, की ही कुरियरने आलीय, खोक्याचा एक कोपरा चेपलेला होता, मग ह्यातलं कारखान्याने काय केलंय आणि कुरियरवाल्याने काय केलंय? साध्या नव्या गिटारवर एक चरा दिसला की माणूस फोटो काढतो, दुकानाला पाठवतो, विषय संपला. इथे दोनशे चरे आहेत आणि तक्रार करायची तर कुठल्या चऱ्याची? फोटो पाठवून "हे असंच आहे ना?" विचारण्यासारखं दुसरं हास्यास्पद काही नाही, पण विचारावं तर लागतंच, आणि दुकानाच्या साइटवर टाकलेले फोटो मोठे करकरून ह्या टवक्याच्या शेजारी तो टवका जुळवत बसणं हा प्रकार मी त्या रात्री दीड तास केला.

तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की आपल्याकडे ह्या प्रकाराला किती नेमके शब्द आहेत. पोचा, टवका, ओरखडा, चरा, पोपडा, तडा, चीर, खाच. एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही. आपटलं की पोचा पडतो, धारेवर लागलं की टवका उडतो, काहीतरी टोकदार घासलं की चरा, रंगाची पकड सुटली की पोपडा निघतो, ताण आला की तडा जातो, आणि पुन्हा पुन्हा तेच घासत राहिलं की खाच पडते. म्हणजे शब्दातच कारण बसलेलं आहे. आणि गिटार तपासायची खरी रीत तीच निघाली, खूण कशी दिसते ते नंतर, आधी विचारायचं की हे कशाने झालं असेल आणि ते कारण तिथे पोचतं का.

उजवा कोपराखालचा हात गिटारच्या वरच्या कडेवर टेकतो, तिथे रंग झिजला तर बरोबर. पाठीला मधोमध बकल घासतं, बरोबर. नेकच्या मागे अंगठा फिरतो, तिथलं लॅकर जाऊन लाकूड गुळगुळीत झालंय, बरोबर. पण नेक आणि शिंगाच्या मधल्या खोबणीच्या तळाशी, जिथे सहसा हातही जात नाही आणि काही आपटतही नाही, तिथे टवका असेल तर तो एकतर कारागिराचा हात जास्त चालला किंवा कुणाच्या तरी हातून स्क्रूड्रायव्हर निसटला. खऱ्या जुन्या टवक्याच्या कडा वर्षानुवर्षं हात फिरून बोथट झालेल्या असतात आणि उघड्या लाकडात मळ मुरलेला असतो. चांगला कारागीर हे दोन्ही करून देतो, कडा घासतो, लाकडाला डाग देतो. काल पडलेल्या टवक्याची कड मात्र बोटाला टोचते आणि आतलं लाकूड ताजं, फिकट असतं. माझ्या गिटारवर खालच्या कडेला असा एक सापडला. एकच. खोक्याच्या चेपलेल्या कोपऱ्याच्या बरोबर समोर. एवढा लहान की सोडून दिला, पण सापडल्याचा आनंद मात्र गुप्तहेराचा.

एक गंमत मात्र कुठलाच कारखाना लपवू शकत नाही, किंवा लपवत नाही म्हणू. एवढी झिजलेली, घामेजलेली गिटार आणि फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बघावेत तर कोरे करकरीत. चाळीस वर्षं वाजवलेल्या गिटारवर पहिल्या तीन-चार फ्रेटांवर तारांखाली खाचा पडलेल्या असतात, नाहीतर फ्रेट कधीतरी बदललेले असतात. पण खाचा पडलेले फ्रेट कुणाला हवेत, सूर बेसूर होतो, तार खरखरते. म्हणजे म्हातारपण हवं पण गुडघेदुखी नको.

मला खरी झोप लागली नाही ती हेडस्टॉकच्या, म्हणजे नेकच्या टोकाला तारांच्या खुंट्या असतात त्या भागाच्या, मागच्या एका रेषेमुळे. माझी गिटार लेस पॉल ह्या गिब्सनच्या प्रसिद्ध गिटारच्या घाटाची, आणि त्या घाटाचा एक सनातन दुबळेपणा आहे. महोगनीचा अखंड नेक, हेडस्टॉक मागे झुकलेला, गिब्सनच्या मूळ रचनेत 17 अंश, त्यामुळे तिथे लाकडाचे दोरे आडवे तुटल्यासारखे आखूड होतात, आणि वर नेमकं तिथेच ट्रस रॉडची (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईची) नट बसवायला लाकूड कोरून काढलेलं असतं. स्टँडवरून मागे पडली की मान मोडलीच, कधी कधी तर केससकट पडली तरी मोडते. आणि माझी रेषा बरोबर तिथे. आता लॅकरचे तडे सगळीकडेच होते, नायट्रोसेल्युलोज लॅकर वर्षानुवर्षं आकसत आणि कडक होत जातं, लाकूड थंडी-उष्म्याने हलतं, लॅकर तेवढं हलत नाही, मग तडकतं. कारखान्यात हेच गार-गरम करून घडवतात, लॅकर लवचीक ठेवणारा घटक कमी घालतात, काहीजण सरळ ब्लेडने रेषा ओढतात आणि त्या ओळखू येतात, कारण फार सरळ आणि सारख्या अंतरावर असतात. हे सगळं मला तोंडपाठ होतं. तरी ती एक रेषा टॉर्चच्या उजेडात दर वेळी थोडी लांब वाटायची.

नख फिरवून बघितलं, अडकलं असं वाटलं, मग नाही वाटलं. अल्ट्राव्हायोलेट दिवा आणावा का इथपर्यंत विचार गेला. जुनं लॅकर त्या उजेडात हिरवट-पिवळं चमकतं आणि वरून केलेली दुरुस्ती वेगळी उठून दिसते, पण माझी गिटार मुळात नवीच, तिचं म्हातारपण अंधारात चमकणार तरी कसं.

ह्या सगळ्या तपासणीत एक गोष्ट बघून मात्र मला बरं वाटलं होतं. पट्टा अडकवायचं खालचं बटण. त्याच्याभोवती पट्ट्याच्या चामड्याने घासून रंग जातो तसं एक सुरेख वर्तुळ झिजवलेलं होतं, बटणही गंजवलेलं, आणि मधोमध स्क्रू मात्र लख्ख चकचकीत. म्हटलं चला, एक तरी वस्तू नवी दिलीय.

बाराव्या दिवशी उभा राहून वाजवत होतो आणि तो स्क्रू बटणासकट सुटून आला. गिटार मांडीवर अडली म्हणून वाचली, नाहीतर मानेचा प्रश्न तिथेच निकालात निघाला असता.

गिटार दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेली. मी आधी रेषाच दाखवली, स्क्रूचं काय, स्क्रू किरकोळ. त्यांनी तारा सैल केल्या, हेडस्टॉक हलकेच दाबून रेषेकडे भिंगातून बघितलं, ट्रस रॉडचं झाकण काढून आत डोकावले. रेषा उघडली नाही, मिटली नाही, लाकडाच्या दोऱ्याबरोबरही जात नव्हती, मधेच दुसऱ्या तड्याला मिळून संपत होती. "लॅकर आहे हो नुसतं, झोपा शांत," म्हणाले. मग बटणाच्या भोकात टोचणी घातली आणि काडेपेटीच्या काडीचा तुकडा बाहेर काढला. भोक आधीच निकामी झालेलं, कुणीतरी काडी कोंबून नवा स्क्रू पिळून वेळ मारून नेलेली. कुणी ते विचारण्यात अर्थ नव्हता, कारखाना, दुकान, मधला कुणीतरी, सगळे हात वर करतात. मी दोनशे खुणा तपासल्या, दीड तास टवके जुळवले, आणि एवढ्या गंजलेल्या गिटारवर एकच वस्तू चकचकीत का आहे हे एकदाही विचारलं नाही. ह्या गिटारवर संशय घ्यायचा तर त्या चकचकीत स्क्रूचाच घ्यायला हवा होता.

काकांनी भोक साफ करून त्यात कठीण लाकडाची खुंटी गोंद लावून बसवली, म्हणाले उद्या सुकली की नवीन भोक पाडून स्क्रू लावतो, जन्मात निघणार नाही. मी निघालो तर मागून हाक मारली.

"अहो, स्क्रू असाच लावू का गंजवून लावू? व्हिनेगरच्या बाटलीत वर टांगून ठेवला रात्रभर तर सकाळपर्यंत होतो. बाकीच्यांत मिसळून जाईल."

मी परत आत आलो, बटणाभोवतीचं ते झिजलेलं वर्तुळ बघितलं, हातात घेऊन तो नवा स्क्रू बघितला.

म्हटलं, उद्या सकाळी फोन करून सांगतो.