आधी पाठ बघ

नाथषष्ठीची गर्दी ओसरली की पैठणात ऊन एकदम चढतं. मग लोकरीला हात लावावासा वाटत नाही. बाळाची टोपडी, मोजे, स्वेटर हे सगळं दिवाळीनंतरचं काम. उन्हाळाभर आमच्या विणकामाच्या वर्गात मी सुती दोराच ठेवते. यंदा संभाजीनगरच्या एका दुकानदाराकडून विचारणा आली होती. त्याला भांडी पुसायची, हाताने विणलेली सुती फडकी हवी होती. अट एकच, नमुना पुस्तकातला नको, तुमचा स्वतःचा असू द्या.

मला ही अट फार आवडली. सुलट टाका आणि उलट टाका, एवढ्या दोनच गोष्टींतून शेकडो विणी तयार होतात, आणि आमच्या बायका वर्षानुवर्षं त्या कुणाच्या तरी वहीतून उतरवून घेतात. म्हणून मी सगळ्यांना सांगितलं, तुम्हाला येतात त्यातल्या तीन विणी निवडा आणि एका फडक्यात बसवून आणा.

ठरलेल्या दिवशी सगळे नमुने मी दोरीला चिमटे लावून टांगले. एकात वेणीचे जाड पीळ, एकात फुगीर गाठी, एकात पानांची जाळी. दोन रंगांच्या चौकड्यांचा एक तर इतका देखणा होता की बायका त्याचे फोटो काढत होत्या.

अक्का जरा उशिरा आल्या. त्यांची उभी हयात पैठणीच्या मागावर गेली. आता रेशमाच्या तारेवर नजर ठरत नाही, म्हणून माग सुटला आणि हातांना चैन पडेना म्हणून त्या आमच्याकडे येतात. त्यांनी पिशवी खाली ठेवली, दोरीपाशी गेल्या आणि एकेक नमुना उचलून उलटा करायला लागल्या. बोलल्या काहीच नाहीत. शेवटचा उलटून झाल्यावर माझ्याकडे वळल्या.

"बाई, ह्यांची पाठ कुणी बघितली का?"

दोरीवर आता सगळ्या पाठीच दिसत होत्या. वेणीच्या मागे खेचलेले, ओबडधोबड टाके होते. गाठींच्या मागे खड्डे. चौकड्यांच्या मागे तर धाग्यांचे लोंबते फासे.

"लेकरा, हे ताटं पुसायचं फडकं हाय ना?" चौकड्यांवाल्या पोरीला त्या म्हणाल्या. "मग ह्या फाशात काटा अडकंल, चमचा अडकंल. एका अंगानं ओलं झालं की बाई दुसऱ्या अंगानं पुसती. फडक्याला पाठ नसती. आधी पाठ बघ, मग वीण धर."

कुणीतरी म्हणालं, अक्का, फडक्याची पाठ कोण बघतंय?

"गिऱ्हाईक बघतंय. पदर हातात घेतला की पयल्यांदा उलटा करतंय. मोर मागून बी मोरच दिसला पायजे."

पैठणीच्या पदराचं हे वैशिष्ट्य आम्ही सगळ्याच ऐकून होतो, पण त्यामागची युक्ती त्या दिवशी अक्कांनी हाताने करून दाखवली. हातमागावर पदर विणताना नक्षीतल्या प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते. आडवा धागा आपल्या रंगाच्या हद्दीपुरताच जातो, शेजारच्या रंगाला भेटला की त्याच्यात अडकून मागे फिरतो. एक रंग दुसऱ्याच्या पाठीमागून कधी ओढत न्यायचा नाही. म्हणून मागे काही लोंबत नाही आणि नक्षी दोन्हीकडून सारखी उठते.

मग आम्ही सगळ्यांनी मिळून विणी नव्याने चाळल्या, आणि या वेळी कसोटी पाठीची. सगळ्या ओळी सुलट विणल्या की आडव्या सरी पडतात, त्या दोन्हीकडून सारख्याच. शिवाय कापड कडेला वळत नाही, म्हणून काठाला ही वीण हवीच. एक ओळ सुलट, एक ओळ उलट ही गुळगुळीत वीण समोरून छान, पण तिच्या कडा गुंडाळल्या जातात आणि पाठ वेगळीच दिसते. ती काढली. साबुदाणा वीण राहिली. विषम टाके घ्यायचे आणि प्रत्येक ओळीत एक सुलट, एक उलट, शेवटी पुन्हा सुलट. सुलटावर उलट येत राहतो, दोन्हीकडे सारखे दाणे उठतात आणि खरकटं पुसायला त्या दाण्यांची पकड उत्तम. चटईची वीण, म्हणजे सुलट आणि उलट टाक्यांचे आळीपाळीने येणारे चौकोन, तीही राहिली. जाळीही राहिली, कारण भोक हे दोन्हीकडून भोकच. वेणी आणि गाठी मात्र गेल्या. त्यांना निरोप देण्याआधी आम्ही सगळे नमुने भिजवून, पिळून वाळत घातले होते. एवढ्या कोरड्या उन्हातही गाठींचा नमुना बाकीच्यांच्या मागे बराच वेळ दमट राहिला. जाड वीण पाणी धरून ठेवते, आणि दमट फडक्याला वास लागतो.

भिजवण्याचा दुसराही फायदा. सुती दोरा पहिल्या धुण्यात आक्रसतो, म्हणून मापं वाळल्यावरच घ्यावीत. जाड सुती दोरा आणि 8 नंबरच्या सुया, म्हणजे 4 मिलिमीटरच्या, यांवर आमच्या हाताला इंचाला साधारण 5 टाके बसले.

आता हिशेब. वेगवेगळ्या विणी एका फडक्यात बसवायच्या तर टाक्यांची संख्या सगळ्यांना मानवली पाहिजे, आणि स्वतःचा नमुना करणाऱ्या बहुतेक जणी इथेच अडतात. साबुदाण्याला विषम संख्या हवी. चटईचे चौकोन 5 टाक्यांचे, आणि दोन्ही कडांना सारखाच चौकोन यावा म्हणून चौकोनही विषम. जाळीला एक टाका सुट्टा आणि पुढे जोड्या: दोरा पुढे घेऊन दोन टाके एकत्र, म्हणजे एक वाढला, एक घटला, संख्या तीच. मी फळ्यावर मांडत होते आणि अक्का बोटांच्या पेरांवर मोजत होत्या. "पस्तीस," त्या माझ्याआधी म्हणाल्या. 7 चौकोन गुणिले 5. संख्या विषम. 1 सुट्टा आणि 17 जोड्या. तिन्ही विणी 35 वर बसतात. दोन्ही काठांना 4-4 टाके सुलट, एकूण 43. रुंदी साडेआठ इंचांच्या आसपास.

दोन सुलट, दोन उलट अशी उभी पट्टीही एकीला हवी होती. पाठीच्या कसोटीला ती उतरते, पण कापड आत खेचते. तिच्या वरखाली पसरणारा साबुदाणा आला की फडकं मध्ये कमरेसारखं आवळतं. पट्टीच्या सुरुवातीला टाके वाढवून पुढे घटवता येतात, पण रोजच्या फडक्यासाठी एवढा खटाटोप नको असं ठरलं.

अक्कांनी आपला नमुना तिथेच बसून घातला आणि दोन दिवसांनी पुरा करून आणला. खाली सहा ओळी सुलट, मग आठ ओळी साबुदाणा, जाळीची एक ओळ आणि तिच्या आजूबाजूला सुलट ओळी, मधोमध चटई, आणि पुढे हाच क्रम उलटा. चटईचे थर सहा, प्रत्येक थर सहा ओळींचा. मी विचारलं, सातही बसले असते, सहाच का?

त्यांनी फडकं पाठीवर टाकलं, मग वरची बाजू खाली फिरवली आणि माझ्या हातात दिलं. समोरून जसं होतं तसंच. सुलट चौकोन पाठीमागे उलट दिसतो, म्हणून कोपऱ्यातले चौकोन बदलतात. पण थर सम असले तर खालच्या आणि वरच्या कोपऱ्यांतले चौकोन विरुद्ध असतात, आणि फडकं फिरवलं की सगळे पुन्हा आपल्या जागी येतात. इतकी वर्षं मी चटई विणतेय, शिकवतेय. थर मोजण्यामागे हे कारण असू शकतं असं मला कुणी दाखवलं नव्हतं. मी ते त्याच दिवशी फळ्यावर घेतलं आणि प्रत्येकीकडून करून घेतलं.

दुकानदाराकडे आम्ही तीन नमुने पाठवले, अक्कांचा धरून. त्याला तिन्ही पसंत पडले, पण त्याने एका नमुन्यात दोन रंग मागितले आहेत. अक्का म्हणतात, पदरासारखं करू, प्रत्येक रंगाचा वेगळा गुंडा आणि हद्दीवर धागे अडकवायचे. विणकामात तसं करतातही, लोंबता धागा उरत नाही. पण दोन रंगांच्या सांध्यावर जो पीळ पडतो तो एका बाजूला दिसतोच. मागावर दिसत नाही, सुयांवर दिसतो. सध्या आम्ही दोघी त्याच सांध्याच्या मागे लागलो आहोत. सुलट ओळींच्या विणीत तो सरींच्या आड जातो का, ते बघतोय.