शोमसाहेब आणि आमचे बाबा

रविवार, रात्रीचे साडेअकरा.

आज बाबांना बसवून 'भुवन शोम' दाखवला. मृणाल सेनचा, 1969 चा, ब्लॅक अँड व्हाइट. बाबांची सगळी नोकरी रेल्वेत गेली, त्यामुळे 'रेल्वेतल्या कडक साहेबाचा पिक्चर आहे' एवढं सांगितल्यावर लगेच चष्मा पुसून बसले, नाहीतर आर्ट फिल्म म्हटलं की त्यांना डांडिया बाजारात काहीतरी काम निघतं.

सुरुवातीलाच धावणारे रूळ आणि त्यावर नुसते आलाप, मला तर तिथेच आवडून गेला. बाबांना आवाज ओळखून जास्त आनंद झाला, 'अरे हा तर अमिताभ!' निवेदन त्याचंच आहे, टायटलमध्ये फक्त 'अमिताभ', कारण तेव्हा त्याला ओळखत कोण होतं. आणि उत्पल दत्त! आपल्याला 'गोलमाल'मधला मिशीवाला भवानीशंकर माहीत, तो दहा वर्षांनंतरचा. इथे तो विधुर साहेब, शिस्तीचा इतका की लोक चळाचळा कापतात, आणि सुट्टी काढून सौराष्ट्रात पक्षी मारायला निघतो. बैलगाडी, म्हैस मागे लागणं, वाळूच्या टेकड्या, हे सगळं के. के. महाजनच्या कॅमेऱ्याने असं टिपलंय की रंग नाहीत हे काही वेळाने लक्षातच राहत नाही. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या पैशात, स्टारबिर काही नाही, आणि वर नॅशनल अवॉर्डमध्ये बेस्ट फिल्म, डायरेक्टर, अ‍ॅक्टर तिन्ही.

खेड्यातली पोरगी गौरी झालीय सुहासिनी मुळे, तिचा हा पहिलाच पिक्चर, आणि ती अ‍ॅक्टिंग करतेय असं कुठे वाटतच नाही. साहेबाला गावचे कपडे घालायला लावते, झाडासारखा सजवते, पडक्या महालातल्या झोपाळ्याकडे नेते. तिचा नवरा जाधव पटेल तिकीट कलेक्टर, पैसे खातो म्हणून शोमसाहेबच त्याला घरी पाठवायला निघालेत, आणि ही बया समोर कोण आहे ते माहीत नसताना त्याच साहेबाला नावं ठेवते! बाबा इथे खूप हसले, खोकला येईपर्यंत.

पण शेवटाला आमचं वाजलं. बऱ्याच लोकांना वाटतं की खेड्यातल्या पोरीमुळे साहेब सुधारला, सत्यजित रायनीसुद्धा याच अर्थाची थट्टा केली होती. मला नाही पटत. साहेब जाधवला सोडतो आणि मोठ्या स्टेशनला बदली करतो, आणि जाधव खुशीत गौरीला कळवतो की इथे वरकमाई जास्त! म्हणजे सुधारलं कोण? एका माणसाचं मन हलकं झालं आणि त्याचं बिल पॅसेंजरांच्या खिशातून फाटणार, हा सेनचा खवचटपणा आहे आणि मला तोच सगळ्यात भारी वाटला.

बाबांचं म्हणणं वेगळंच. 'बदली ही शिक्षा असते, हे बक्षीस कुठलं? चार्जशीट द्यायची, इन्क्वायरी लावायची, इन्क्रिमेंट थांबवायचं, नोकरी कशाला घालवायची आणि मोकाट तरी कशाला सोडायचं?' मग ईएफटीची, म्हणजे जादा भाड्याची, पावती न फाडता पैसे घेतात कसे, व्हिजिलन्सवाले खुणेच्या नोटा देऊन पकडतात कसे, यावर अर्धा तास लेक्चर. मी म्हटलं बाबा, इथे बडोद्यात लालबागच्या रेल्वे स्टाफ कॉलेजात दाखवायला पाहिजे हा पिक्चर, प्रतापविलास पॅलेसमध्ये ट्रेनिंगला येणाऱ्या नव्या साहेबांना. तर म्हणे, 'दाखव की, पण पोरं म्हशीलाच हसतील.'

आईने मधूनच विचारलं, त्या पोरीला शेवटी सासरी नेलं की नाही. आम्ही दोघंही वरकमाईवरच भांडत होतो.