जिन्याखालचा इन्व्हर्टर

आमच्या कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत इन्व्हर्टरची जागा ठरलेली, जिन्याखाली, चपलांच्या शेजारी. लाईट फिटिंगच्या धंद्यात मीही वर्षानुवर्षं तिथंच बसवून दिले. ऑगस्ट 2019 च्या पुरात ते सगळे पाण्यात गेले. ते मला अजून टोचतं.

पाणी उतरल्यावर बोर्डाची प्लेट काढली की आतून पंचगंगेचा गाळ कढीसारखा ओघळायचा. पितळी पट्ट्या हिरव्या पडलेल्या. नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी 43 फूट, आणि त्या वर्षी पाणी 55 च्या वर गेलं होतं.

पुरात वीज तयार व्हायची थांबते असं नाही. राधानगरीच्या धरणावर वीज होतेच. पण गल्लीतली डीपी, म्हणजे घरोघरी वीज वाटणारी पेटी, पाण्यात म्हटल्यावर लाईन बंद करावीच लागते, नाहीतर माणसं जातील. नदीचं पाणी उचलणारी उपसा केंद्रं बुडाली आणि नळ कोरडे पडले. दारात पूर, प्यायला टँकर.

‘छतावर सोलर आहे, मग काय काळजी?’ असं गिऱ्हाईक म्हणतं, तेव्हा मी आधी खाली बसवून समजावतो. साधा ऑनग्रिड सोलर, म्हणजे थेट लाईनीला जोडलेला, लाईन गेली की भर उन्हातही बंद पडतो. पडायलाच हवा. तुमच्या छतावरचा करंट उलटा लाईनीत गेला तर खांबावर चढलेल्या वायरमनला लागेल. लाईट गेल्यावर दिवा हवा असेल तर सोलर आणि बॅटरी दोन्हीवर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरीच पाहिजे, आणि ती माडीवर.

आता काम घेताना मी भिंतीवर पुराची खूण कुठं आहे ते आधी बघतो. तळमजल्याची लाईन वेगळी काढतो, तिला स्वतंत्र एमसीबी, म्हणजे लाईन तोडायचा खटका. पाणी उंबऱ्याला लागलं की खालचं तोडायचं, वरचं चालू राहतं.

जुलै 2021 ला पुन्हा पाणी आलं, तोवर माझा इन्व्हर्टर माडीवर गेला होता. शेजारच्या मावशींना दम्याचा त्रास. होडी यायला रात्र गेली. त्या रात्री आम्ही टीव्ही, पंखे सगळं बंद ठेवलं आणि बॅटरी फक्त त्यांच्या नेब्युलायझरसाठी, म्हणजे औषधाची वाफ देणाऱ्या मशीनसाठी, राखली. दर वेळी पंधरा मिनिटं. मशीनचा घुर्र आवाज सुरू झाला की पोरंसुद्धा गप्प व्हायची.

त्यानंतर तालमीत, म्हणजे आमच्या गल्लीच्या मंडळात, विषय काढला. गणपतीच्या वर्गणीतले उरलेले पैसे घालून तालमीच्या गच्चीवर दोन पॅनेल बसवली, बॅटरी वरच्या खोलीत. पावसाळी ढगात पॅनेल निम्मीही वीज देत नाहीत, म्हणून हिशेब आखडूनच धरला: 9 वॅटचे सहा दिवे दहा तास म्हणजे 540 वॅट-तास, वर वीस मोबाईल. फ्रिज नाही, मोटर नाही. कुणाच्या घरी नेब्युलायझर आहे, कुणाचं इन्सुलिन थंड ठेवावं लागतं, ती यादी बोर्डाशेजारी चिकटवलीय. दर जूनला ती घरोघरी जाऊन नव्यानं लिहितो.

यंदा तिच्यात दोन नावं वाढलीत.